तिसरा टकोरा

टबावर उलट्या बोटाने मी दोन टकोरे मारले, आणि तिसरा टकोरा आतून आला. भर दुपारी साडेतीनला. दुकान म्हणजे केवढं, या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येऊ नये. ओळीने चाळीस न्हाणीघरं मांडलेली, भिंती नसलेली. प्रत्येकात आरसा, प्रत्येकात घडी घातलेला टॉवेल, आणि एकाही नळाला पाणी नाही. माझा मुलगा पलीकडे ओणवा होऊन एका टबाच्या बुडाखालची चिठ्ठी वाचत होता. सूनबाई टेप लावत होती. दुकानातल्या माणसाला मी मनातल्या मनात हसरा म्हणत होते, कारण त्याचं तोंड मिटतच नव्हतं. तो मला सांगत होता, "दणकट आहे, आटोपशीर आहे, आजी, तुमच्यासाठीच केल्यासारखं..." आणि इथे त्याने श्वास घेतला. त्या श्वासाएवढ्या फटीत तो आवाज आला. टक. मग तो म्हणाला, "...आहे हे मॉडेल." माझ्या बोटातली अंगठी सैल झालीय, मागून दोरा गुंडाळून ती अडकवून ठेवलीय, त्यामुळे माझा टकोरा नुसता टक वाजत नाही, टक-चिन् वाजतो. आतून आलेला मात्र नुसता टक होता. अंगठी नसलेल्या बोटाचा. मी वाकून बघितलं. पांढराशुभ्र टब, तळाला एक काळं भोक, जाळीसुद्धा अजून बसवलेली नाही. हात मला उचलवेना. टब गार होता, पण जिथे तो आवाज आला होता तेवढीच जागा गार नव्हती.

आता हे मी सांगतेय म्हणजे तुम्ही म्हणणार, म्हातारी पुड्या सोडतेय. सोडतच आलेय बाबांनो, जन्मभर. माझ्या एका मावशीने शिंकून तीन घरांचे दिवे विझवले होते. माझ्या लहानपणी आमच्याकडे एवढा खोल रांजण होता की त्यात हाक मारली की उत्तर आठवड्याने यायचं, आणि तोवर आपण काय विचारलं तेच विसरलेलं असायचं. लोक ऐकायचे, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे, म्हणायचे अजून एक होऊन जाऊ दे. चाळिशीत ती गंमत होती. साठीत तो स्वभाव झाला. पंचाहत्तरी उलटली आणि त्याच बाता लक्षणं झाल्या. मला काही वेगळं करावंच लागलं नाही, वय तेवढं पुढे सरकलं. डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला सांगितलं, तीन महिने सगळं लिहून ठेवा, काय विसरतात, काय भलतंसलतं बोलतात, मग आपण ठरवू. तेव्हापासून फ्रिजवर एक वही आहे. निळी, दोरीला पेन बांधलेलं. सूनबाई वाईट नाही हो, अक्षर फार सुंदर आहे तिचं. 'मंगळवार. म्हणाल्या, खिडकीत कबुतर आलं होतं, चष्मा मागत होतं.' 'गुरुवार. मिठाची बरणी सापडेना.' बरणी तिनेच हलवली होती, पण ते वहीत नाही. आणि ठरवायचं काय तेही मला माहीत आहे. टीव्हीखालच्या खणात एक रंगीत घडीचा कागद आहे, बाग असलेल्या एका मोठ्या घराचा. त्यात बाकावर सहा म्हातारी माणसं बसलीयत आणि सगळी एकाच बाजूला बघतायत. त्या बाजूला काय आहे ते फोटोत आलेलं नाही. मी भिंगसुद्धा लावून पाहिलं. त्यातल्या चौथ्या बाईची मान माझ्यासारखी आहे.

म्हणून त्या दिवशी दुकानात, तळहाताखाली तो गार टब आणि त्यातला तो एक कोमट ठिपका, मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला सांगण्यासारखं काहीतरी खरंखुरं सापडलं होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती.

कारण तो टकोरा मी ओळखला होता. आमचे हे टबाच्याच कारखान्यात होते. भट्टीतून निघून, मुलामा चढून, गार होऊन टब ओळीने यायचे आणि ओळीच्या शेवटी हे उभे असायचे. काम एकच, ऐकायचं. टबाच्या कडेवर उलट्या बोटाने दोन टकोरे मारायचे आणि मान वाकडी करून थांबायचं. कुठे केसाएवढी भेग असली, मुलाम्याखाली हवा राहिली असली, तर आवाज बसका यायचा, घसा बसलेल्या माणसासारखा. खणखणीत आला तर हे तिसरा टकोरा मारायचे. तिसरा पडला की टब पास. नाही पडला की दोघं जण येऊन तो उचलायचे आणि मागच्या ढिगात नेऊन टाकायचे. कारखान्यात यांना सगळे 'कान' म्हणायचे. कान आला का आज? कान जेवायला गेलाय. मी यांना विचारलं होतं, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, दोनच का मारता आधी? तर म्हणाले, "पहिला त्याला जागं करायला. दुसरा विचारायला." आणि तिसरा? "तिसरा, ऐकलं म्हणून सांगायला." एवढंच बोलले. फार बोलायचा माणूसच नव्हता तो, घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाट्याला आलं होतं. संध्याकाळी घरी आले की दारावरही दोनच टकोरे. तिसरा मी आतून द्यायचा, हातात असेल त्याने, पळीने, झाऱ्याने, एकदा तर पोराच्या पाटीने. तो पडल्याशिवाय हे आत पाऊल टाकायचे नाहीत. मी रागावलेली असले की मुद्दाम द्यायची नाही, आणि हे उभे राहायचे, मान वाकडी करून, आख्खं घर जणू ओळीतून आलेला टब आहे. एकदा पाऊण तास उभे होते. शेवटी मुलगा ओरडला, "आई, बाबांना पास कर ना!" तो तेव्हा पाच वर्षांचा असेल.

आणि ते शेवटचं. ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला तिखटमीठ लावता येत नाही. इस्पितळात अकरावा दिवस होता, दुपारची वेळ, हे झोपलेत असं वाटलं म्हणून मी दारासमोरच्या बाकावर जाऊन बसले. दोन नर्सा चहा पीत होत्या. त्यांना मावशीच्या शिंकेची गोष्ट सांगायला घेतली. चांगली रंगली हो. तिसऱ्या घराचा दिवा विझला तेव्हा त्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या, मीही हसले, मोठ्याने. आत गेले तर यांचा हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर होता, बोटं दुमडलेली, उलटी. शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता, पाय मोडलेला. तो म्हणाला, "बाई, त्यांनी दोनदा वाजवलं. मग तुम्ही गेलात त्या दाराकडे बघत होते बराच वेळ. मला वाटलं पाणी हवंय, मी द्यायचा विचार करत होतो." त्या हसण्यात ते दोन टकोरे बुडाले. बराच वेळ म्हणजे किती, ते मी शिंप्याला विचारलं नाही. सहा वर्षं झाली. अजूनही कुठे कुणी दोनदा काही वाजवलं, सुतार असो, शेजारचं पोर असो, माझा हात आपोआप काहीतरी शोधायला लागतो.

"आई, हा बघ," दुकानात पलीकडून मुलगा म्हणाला. तो लिफ्ट तपासायचं काम करतो, कुठेही गेला की आधी वजनाचा हिशेब. त्याच्या लग्नात फोटोला सगळे एका पायरीवर चढले तर हा ओरडला होता, एवढे नको. "हा फायबरचा. अठरा किलो फक्त. तो तुझा पोलादी पत्र्याचा आहे, चाळीस किलो रिकामा. त्यात पाणी दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. वर तू."

"मी किती?"

"पंचेचाळीस."

"तेवढीसुद्धा नाही. निम्मी बोलण्यात गेले."

हसरा हसला. सूनबाई हसली नाही, तिने माझ्याकडे पाहिलं. ती हल्ली माझ्या बोलण्याकडे पाहते, आणि मग जरा वेळाने माझ्याकडे. माझ्या कंबरेसाठी चाललं होतं हे सगळं, रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसा असं हाडांच्या डॉक्टरने सांगितलं होतं म्हणून. चौथ्या मजल्यावरची पाच बाय सात फुटांची मोरी फोडायची, नवी फरशी घालायची, भिंतीला धरायला दांडे लावायचे. माझ्यासाठी एवढं करणारी माणसं, त्यांना मी काय सांगणार होते, की तुमचे बाबा या टबात आहेत? मला कळत होतं, एक वाक्य चुकीचं गेलं की चौथी बाई मी. म्हणून मी हसऱ्याची वाक्यं उचलली आणि पाठ म्हटल्यासारखी म्हणून दाखवली. "हा दणकट आहे. आटोपशीर आहे. कड जाड आहे, धरून उठता येईल. फायबर पायाखाली दबतं, मला भीती वाटते." किती शहाणं वाक्य! मलाच माझी कीव आली. सूनबाईने टेप लावून बघितली, म्हणाली, "बसतोय. अंगठाभर जागा उरतेय. आईंचं बरोबर आहे, फायबर हलतं." मुलगा खाली बसला, बोटांवर काहीतरी मोजलं, स्लॅब झेपेल म्हणाला. आणि मग तसाच उकिडवा बसून, टबाच्या कडेला हात लावून, एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "आई, खरं सांग. पूर आला होता तेव्हा मला टबात बसवून तू खरंच नेलं होतंस का गं? दोन पळ्यांनी वल्हवत?"

ही माझी सगळ्यात लाडकी. कारखान्याच्या घरांत पाणी शिरलं, हे पलीकडे अडकलेले, मी ढिगातला एक नापास टब ओढला, पोराला पुढे बसवलं आणि दोन पळ्या घेऊन निघाले. वाटेत एका छपरावरच्या बकरीने आम्हाला रस्ता सांगितला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याचा यावर विश्वास होता, शाळेत मारामारीसुद्धा केलीन यावरून. माझ्या तोंडात बकरी अगदी तयार होती. पण सूनबाई टेप गुंडाळताना थांबली होती. "छे रे," मी म्हटलं, "काहीतरीच. शेजारच्यांच्या खांद्यावरून नेलं तुला." तो "हं" म्हणाला आणि उठला, गुडघे झटकले. बावन्न वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी असं उतरलं की जणू मीच त्याला त्या पाण्यात सोडून दिलं. जाताना मी टबावर परत दोन टकोरे मारले, अगदी हळू, टक-चिन्, टक-चिन्. काही आलं नाही. ऐकणाऱ्याने काय दोनदा ऐकायचं? घरी गेल्यावर वही उघडली गेली. दुसऱ्या दिवशी चोरून वाचलं. 'शनिवार. दुकानात अगदी व्यवस्थित बोलल्या.' इतकं वाईट मला कबुतराच्या नोंदीनेही वाटलं नव्हतं.

टब आला त्या दिवशी मोरीतला सिमेंटचा वास घरभर होता. गवंडी म्हणाला उद्या बसवतो, म्हणून तो बोळातच ठेवला होता, खोक्यातून काढलेला, अंधाऱ्या बोळात दातासारखा पांढरा. मी त्याच्याजवळून जाताना अंग चोरून जायचे. हात लावला नाही. वाटायचं, वाजवलं आणि नाही आलं तर? आणि आलं तर? माणूस सहा वर्षं एका टकोऱ्यासाठी थांबलेला आहे, दारात, मान वाकडी करून, आणि आपण मोरीच्या फरशीचा रंग निवडतोय. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, बूटसुद्धा न काढता टबाकडे बघत उभा राहिला. सूनबाई गच्चीत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि चक्क आत जाऊन बसला, गुडघे हनुवटीशी घेऊन. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पळ्या कुठायत?"

मी म्हटलं, "ओट्यावर. पण बकरीला विचारल्याशिवाय निघू नकोस."

तो बसून राहिला, मी उभी राहिले. मग गच्चीचं दार वाजलं आणि तो घाईने उठला.

नंतरच्या बुधवारी पहिलं पाणी भरलं. मुलगा कामावर गेलेला, सूनबाई ओट्यापाशी, सकाळचे अकरा. तिने पाण्यात कोपर बुडवून बघितलं, दांडा धरायला लावला, "कडी लावू नका आई, नुसतं लोटून घ्या," म्हणाली आणि गेली. अंगठी मी काढून साबणाच्या वडीशेजारी ठेवली. पाण्यात बोटं आक्रसतात, दोरा ओला झाला की ती निसटेल आणि भोकातून जाईल अशी भीती. आटोपशीर टब म्हणजे काय ते बसल्यावर कळतं. पाय लांब होत नाहीत, गुडघे वर येतात, आणि सगळीकडून पोलाद तुम्हाला धरून ठेवतं, आईच्या पोटातल्यासारखं किंवा, जाऊ दे, दुसऱ्या कशातल्यासारखं. मी हळूहळू खाली सरकले. पाणी मानेशी आलं, हनुवटीशी आलं. कान पाण्याखाली गेले आणि घर बंद झालं. फ्रिजची घरघर, ओट्यावरची भांडी, खालचा रस्ता, सगळं. उरलं फक्त माझं रक्त, धप धप, दुसऱ्या कुणाचंतरी असावं तसं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ऐकू आलं. कडेवर, डोक्याच्या जरा वर.

टक-चिन्. टक-चिन्.

पाणी कोमट होतं तरी अंगावर काटा आला. हे असे वाजवत नाहीत. यांच्या बोटात कधी अंगठी नव्हती, कामावर चालायची नाही. चिन् माझं आहे. सैल अंगठीचं, दोऱ्याने अडकवलेल्या अंगठीचं. आणि ती तर तिथे साबणाशेजारी पडलेली मला दिसत होती. तेवढ्यात वरून, फार वरून, विहिरीच्या काठावरून यावा तसा एक आवाज आला, लाडीगोडीचा, तोंड न मिटणारा. "दणकट आहे, आटोपशीर आहे, आजी..."

तेव्हा मला कळलं. या टबात हे नव्हतेच. कधीच नव्हते. त्या दिवशी दुकानात जी वाकून बघत होती तीही मी, आणि तिला भोकातून काळोखात दिसली नाही तीही मी. एवढा ताणून आणलेला जीव माझा, एकदम सैल पडला. रडायला यावं तर पाण्यात कळायचं कसं? मनात आलं, कशाला उत्तर द्यायचं. गप्प पडून राहावं. ती बिचारी हात काढून घेईल, फायबरचा घेईल, घरी जाईल. पण मला तिचा हात दिसत होता, वर, बोटं दुमडलेली, उलटी. मला माहीत होतं ती किती वेळ थांबली आहे, माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. शिंप्यासारखा विचार करत बसायला वेळ नव्हता. "...तुमच्यासाठीच केल्यासारखं..." आणि वरती हसऱ्याने श्वास घेतला. त्या फटीत मी पाण्याखालून, उघड्या बोटाने, एकदा वाजवलं. टक. जन्मभर गोष्टी रचल्या, पण एवढी मोठी कधी रचली नव्हती, आणि तीही माझ्याच गळ्यात मारली. वर कुणाचातरी श्वास अडकल्याचं ऐकू आलं. तळहात टेकल्यासारखी पोलादातून ऊब आली आणि गेली.

मी उठून बसले. कानातून पाणी ओघळलं आणि घर परत सुरू झालं, फ्रिज, रस्ता, भांडी. नळाचं तोंड टपटपत होतं. मी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसले, नापास झालेल्या टबासारखी, आतून बसकी. आणि मोरीच्या दारावर टकोरे पडले. दोन. जड, सावकाश, अंगठी नसलेल्या बोटाचे. दार नुसतं लोटलेलं होतं, कुणीही ढकलून आत आलं असतं. पण कुणी ढकललं नाही. दाराखालच्या फटीत उजेडाची एक रेघ होती, आणि त्या रेघेत दोन ठिकाणी अंधार होता, पावलांएवढा. बाहेर जे कोण होतं ते थांबलं. मान वाकडी करून कसं थांबतात ते मला बंद दाराआडूनही कळतं.

माझा हात शोधायला लागला, आपोआप, जसा सहा वर्षं शोधत होता. साबणाशेजारची अंगठी हाताला लागली. ती मुठीत धरून मी टबाच्या कडेवर एकदाच वाजवली. चिन्. खणखणीत. इतका स्वच्छ आवाज त्या मोरीतून आला की नवीन फरशीसुद्धा शहारली असेल. दाराखालची रेघ सलग झाली.

"आई?" ओट्यापासून सूनबाईचा आवाज आला. जरा वर चढलेला. "आई, दार कुणी वाजवलं?"

मी मूठ उघडून अंगठीकडे पाहिलं.

"दोनदा वाजलं. मी इथूनच बघतेय, बोळात कुणी नाहीये. हे तर कामावर आहेत." मग थोड्या वेळाने, हळू, "तुम्ही ऐकलंत ना?"

खूप वर्षांनी अशी संधी आली होती. अंगठी मी बोटात घातली, दोरा नीट बसवला.

"नाही गं बाई," मी म्हटलं, "मला काहीच ऐकू आलं नाही. तू लिहून ठेव हो वहीत."

ओट्यावरचा पाण्याचा नळ बंद झाला. फ्रिजवरून वही काढल्याचा आवाज आला, दोरीला बांधलेलं पेन फ्रिजच्या दारावर आपटलं, पानं उलटली. पेन कागदावर चालल्याचा आवाज मात्र आला नाही. मग वही मिटल्याचा आवाज आला.